नाक्सोसची बायझंटाईन चर्च कशी पाहावीत: किल्ली, उजेड आणि पायवाटांचं नियोजन

ग्रीसमध्ये अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सांतोरिनी बेटाला निघालेली मोठी बोट वाटेत पारोस आणि नाक्सोस या दोन बेटांवर थांबते. आपल्याकडची बहुतेक मंडळी त्या वेळी डेकवर उभी राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. माझा आग्रह असा, की ज्याला जुन्या भिंतींची, जुन्या रंगांची ओढ आहे त्याने नाक्सोसला उतरावं आणि किमान चार दिवस राहावं. सुमारे ४३० चौरस किलोमीटरच्या या बेटावर दीडशेच्या आसपास बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली, चर्च आहेत. काही सहाव्या-सातव्या शतकातली, बरीचशी अकराव्या ते चौदाव्या शतकांतली. बहुतेक इतकी लहान, की आत वीस माणसं उभी राहिली तर दाटी होईल. ती जैतुनाच्या बागांत, गडग्यांच्या आड, डोंगराच्या उतारावर विखुरलेली आहेत आणि त्यांतली बरीच कुलूपबंद असतात.

म्हणूनच ‘पाहायलाच हवीत अशी पंधरा चर्च’ छापाची यादी इथे उपयोगी पडत नाही. यादीतली दहा दारं बंद निघतात आणि उरलेल्या पाचांत आपण चुकीच्या वेळी पोचून अंधारात चाचपडतो. नाक्सोसचं नियोजन तीन गोष्टींभोवती करावं लागतं: दार कोण उघडणार, आत उजेड कधी असेल आणि तिथवर पायी किती चालायचं आहे. रोज दोन किंवा तीनच चर्च ठरवा. चित्रांसमोर निवांत उभं राहायला तेवढाच वेळ मिळतो.

आधी बेटाची रचना समजून घ्या

बंदराचं गाव म्हणजे खोरा. पर्यटक, हॉटेलं, समुद्रकिनारे सगळे या पश्चिम किनाऱ्याला. बायझंटाईन नाक्सोस मात्र आत, डोंगरांमध्ये आहे. बेटाच्या मधोमध त्रागेआ नावाचं जैतुनाच्या झाडांनी भरलेलं पठार आहे; खाल्की, फिलोती, मोनी ही गावं त्याच्या आसपास. ईशान्येला उंचावर आपिरान्थोस, नैर्ऋत्येला सांग्रीचं मोकळं रान. शेजारी झास, म्हणजे झ्यूसचा डोंगर: उंची हजार मीटरच्या थोडी वर, सायक्लेड्स बेटसमूहातला सर्वांत उंच.

चर्च आतच का, याचं कारण इतिहासात आहे. ८२० च्या दशकात क्रीट बेट अरबांच्या ताब्यात गेलं आणि ९६१ साली बायझंटाईन सेनापती निकेफोरोस फोकासने ते परत जिंकेपर्यंत एजियन समुद्रातली बेटं सागरी हल्ल्यांच्या छायेत होती. किनाऱ्यावर राहणं धोक्याचं झालं, वस्ती आत सरकली आणि सांग्रीच्या दक्षिणेकडच्या टेकडीवरचा आपालिरू किल्ला बेटाचं बळ ठरला. १२०७ साली व्हेनिसच्या मार्को सानुदोने हाच किल्ला वेढा घालून घेतला आणि नाक्सोसला आपल्या सरदारशाहीची राजधानी केलं. सत्ताधारी कॅथलिक झाले, ते खोराच्या नव्या कोटात राहू लागले. गावकरी ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचे, राहिले. परक्या सत्तेखाली गावचा धर्म थिजला असेल असं वाटतं, पण तेराव्या शतकात, व्हेनिशियन अमलातच, खेड्यांतल्या कितीतरी चर्चच्या भिंती नव्याने रंगवल्या गेल्या. छोट्या गावांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे चित्रकार आणले. मला या बेटाबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो या गोष्टीसाठी.

महिना निवडताना

मे, जूनचा पहिला भाग आणि सप्टेंबर हे उत्तम. एप्रिलच्या अखेरीस रानफुलं असतात आणि चालायला हवा छान, पण हंगामी पहारेकरी अजून नेमलेले नसल्यामुळे काही दारं बंद असू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो जोरात असला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीचं विमान अथेन्सहून असेल तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवाच.

दुसरा, जास्त महत्त्वाचा निकष म्हणजे सणाची तारीख. प्रत्येक चर्च एखाद्या संताचं किंवा घटनेचं असतं आणि त्या दिवशी, बरेचदा आदल्या संध्याकाळीही, ते उघडलं जातं. वर्षभर कुलपात असलेलं रानातलं चर्चसुद्धा त्या दिवशी झाडून, मेणबत्त्या लावून सज्ज असतं. उपासनेनंतर अंगणात जेवण, वाद्यं, नाच. याला तिथे पानिगिरी म्हणतात, म्हणजे आपली गावची जत्रा. तारखा लिहून घ्या: २३ एप्रिल संत जॉर्ज (ईस्टरपूर्व उपवासात आली तर सण ईस्टरनंतरच्या सोमवारी सरकतो), ७ जुलै आया किरियाकी (‘आयोस’ म्हणजे संत, स्त्री असेल तर ‘आया’), ६ ऑगस्ट ख्रिस्ताचं रूपांतर, १५ ऑगस्ट ख्रिस्ताची आई मरिया हिच्या महानिद्रेचा, म्हणजे मृत्यूचा, सण, २ सप्टेंबर आयोस मामास, ८ सप्टेंबर मरियेचा जन्म. १५ ऑगस्टला फिलोतीची जत्रा बेटावर सर्वांत मोठी असते. त्या आठवड्यात खोल्या मिळणं कठीण, तेव्हा आरक्षण फार आधी करा.

माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांना. २ आणि ८ या दोन्ही तारखा हाती लागतात, उन्हाचा तडाखा उतरलेला असतो आणि समुद्र अजून उबदार असतो.

निघण्याआधीची कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. १५ दिवसांहून कमी उरलेले असताना जाऊ नका, आणि उन्हाळी हंगामासाठी भेटीची वेळ दोन-तीन महिने आधीच घेतलेली बरी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा, आणि पासपोर्टची मुदत शेंगेन क्षेत्रातून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने असावी. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत कुठल्याही शेंगेन अर्जासाठी दिलेले असतील तर ते सहसा पुन्हा घेत नाहीत.

गाडी चालवणार असाल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवावा लागतो. ग्रीसमध्ये वाहन उजव्या बाजूने चालतं. भाड्याच्या लहान गाड्या बहुधा हाताने गिअर बदलण्याच्या असतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगून ठेवा. सर्वांत लहान गाडी घ्या, कारण गावातले रस्ते अरुंद आहेत.

पिरेयसहून मोठ्या बोटीला पाच-साडेपाच तास लागतात, वेगवान बोटीला कमी. अथेन्सहून विमान पाऊण तासात पोचवतं. मी मोठ्या बोटीचाच सल्ला देईन. वाऱ्यात ती कमी हेलकावते आणि वरच्या डेकवरून सायक्लेड्स एकेक करून समोर येतात.

गाडी नको असेल तरी अडत नाही. बंदरालगतच्या थांब्यावरून केटेलच्या बसगाड्या खाल्की, फिलोती, आपिरान्थोसला जातात. उन्हाळ्यात फेऱ्या जास्त, रविवारी कमी. परतीची शेवटची बस किती वाजता, हे सकाळीच फलकावर पाहून घ्या. सांग्रीकडच्या दिवसासाठी मात्र गाडी किंवा टॅक्सी लागेलच.

किल्ली मिळवण्याची रीत

बेटावरची चर्च साधारण तीन प्रकारांत मोडतात. गावातली मुख्य चर्च पाद्री सांभाळतो. ती सकाळी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास उघडी असतात. काही महत्त्वाची जुनी चर्च पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत आणि उन्हाळ्यात तिथे माणूस बसतो. तिसरा प्रकार रानातल्या चर्चचा. त्यांची किल्ली जवळच्या घरी, पाद्रीकडे किंवा खात्याकडे असते.

त्यामुळे पहिल्याच दिवशी खोरात चौकशी करा: या आठवड्यात कुठली दारं किती वाजता उघडी आहेत? वेळा दर वर्षी बदलतात, इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवर विसंबू नका. मग गावात गेलात की काफेनिओमध्ये, म्हणजे चहा-कॉफीच्या दुकानात, बसा. कॉफी मागवा आणि विचारा. ‘कालीमेरा’ने सुरुवात करायची, दुपारनंतर ‘कालीस्पेरा’. ‘इने आनिख्ती इ एक्लिसिया?’ म्हणजे चर्च उघडं आहे का? ‘पू इने तो क्लिदी?’ म्हणजे किल्ली कुठे आहे? पाद्रीला ‘पापास’ म्हणतात, समोरून हाक मारताना ‘पातेर’. निघताना ‘एफ्खारिस्तो’. तुटक ग्रीक बोललात तरी समोरच्याचा चेहरा उजळतो, आणि बरेचदा कुणीतरी उठून सोबत येतं.

दुपारी दोन ते साडेपाच ही विश्रांतीची वेळ. या वेळेत कुणाचं दार वाजवू नका. किल्ली आणून देणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवणं अवघडल्यासारखं होतं. चर्चमधल्या पेटीत टाका, तेच रीतीला धरून आहे. आणि ‘नाही’ असं उत्तर मिळालं तर ते मान्य करा. भिंती नाजूक आहेत, बंद दारामागे कारण असू शकतं. अशा वेळी चर्चभोवती एक फेरी मारा: बांधणीतले दगड, जुन्या देवळांतून आणून बसवलेले संगमरवराचे तुकडे, गाभाऱ्याची बाहेरून दिसणारी गोलाई हे सगळं उघड्यावरच असतं.

पहिला दिवस: खाल्की

खोराहून सुमारे १६ किलोमीटर. सकाळी लवकर निघा आणि पहिल्यांदा मुख्य रस्त्यालगतच्या पनागिया प्रोतोथ्रोनीत जा (‘पनागिया’ म्हणजे मरिया). हे गावाचं वापरातलं चर्च आहे, त्यामुळे उघडं मिळण्याची शक्यता चांगली. बाहेरून पांढरं, साधं. आत मात्र बेटाचा अख्खा चित्रेतिहास एका छपराखाली आहे. गाभाऱ्याच्या सर्वांत जुन्या थरात प्रेषितांच्या आकृती, त्यानंतर आकृत्या टाळून काढलेलं अलंकरण, त्यानंतर पुन्हा आकृत्या. इथे १०५२ सालचा लेख आहे. त्यात बिशप लिओचं नाव येतं. बायझंटाईन काळातल्या खेडवळ वास्तूंना सहसा अंदाजानेच शतक चिकटवावं लागतं, तिथे असा नेमका सन मिळणं मोलाचं.

चित्रं पाहताना एक गोष्ट शोधा. जुन्या आकृतीच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर छोटे छोटे खड्डे दिसतील. पाहणाऱ्याला वाटतं, कुणी शत्रूने विद्रूप केलं. बहुतेक ठिकाणी ते टाचे असतात: नवा गिलावा जुन्यावर धरून राहावा म्हणून गवंड्याने मारलेले. म्हणजे नंतरच्या पिढीने जुनं चित्र झाकून त्यावर नवं काढून घेतलं होतं आणि विसाव्या शतकातल्या जतनकारांनी वरचा थर सोडवल्यावर खालचं पुन्हा उजेडात आलं.

तिथून पायी आयोस येओर्गिओस दियासोरितिस. गावातून पाटी दिसते, जैतुनांमधून दहा-पंधरा मिनिटांची सपाट वाट आहे. अकराव्या शतकातलं हे चर्च क्रॉसच्या आराखड्यावर घुमट उभारलेलं आहे आणि त्याच शतकातली चित्रं आत मोठ्या प्रमाणात टिकली आहेत. एकाच काळाचं, एकाच विचाराने रंगवलेलं अंतरंग पाहायचं असेल तर बेटावर याहून चांगली जागा नाही. इथे किमान पाऊण तास द्या. पायांत बळ असेल तर पुढे त्याच पायवाटांनी जैतुनांमध्ये दडलेली आणखी लहान चर्च सापडतात; त्यांची दारं बहुधा बंदच असतात, पण वाट सुंदर आहे.

दुपारी खाल्कीत थांबा. इथे १८९६ पासून किट्रॉन नावाचं पेय गाळलं जातं. लिंबाच्या जातीतल्या महाळुंगासारख्या झाडाच्या पानांपासून ते करतात.

भिंत वाचायची कशी

हे दुसऱ्या दिवसाआधी समजून घेतलेलं बरं. आपण चक्र-गदा पाहून विष्णू आणि मोदक-परशू पाहून गणपती ओळखतो, तशीच इथे खुणांची ठरलेली भाषा आहे.

तेजोवलयाच्या आत क्रॉस रेखलेला असेल तर तो ख्रिस्तच. इतर कुणालाही ते वलय मिळत नाही. घुमटाच्या माथ्यावर एका हातात ग्रंथ धरून दुसऱ्याने आशीर्वाद देणारा ख्रिस्त म्हणजे पान्तोक्रातोर, सर्वसत्ताधीश. पूर्वेकडच्या अर्धगोल गाभाऱ्यात मरिया असते, किंवा मध्ये ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना मरिया व बाप्तिस्मा देणारा योहान, दोघेही जगासाठी विनवणी करताना. त्याखाली धर्मगुरूंची रांग, खांद्यांवर क्रॉसचे पट्टे. रुंद कपाळाचा, आखूड पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणजे संत निकोलस, खलाशांचा कैवारी, म्हणून बेटांवर सगळीकडे. बिनदाढीचा, कुरळ्या केसांचा तरुण योद्धा संत जॉर्ज. जटा वाढलेला, केसाळ वस्त्रातला कृश माणूस तो बाप्तिस्मा देणारा योहान. मरिया आडवी पहुडलेली आणि मागे उभ्या ख्रिस्ताच्या हातात तान्ह्या बाळासारखी लहानशी आकृती दिसली तर तो महानिद्रेचा प्रसंग: ते बाळ म्हणजे मरियेचा आत्मा. हा प्रसंग बरेचदा पश्चिमेच्या भिंतीवर, आपण बाहेर पडतो त्या दाराच्या वर असतो. म्हणून निघताना एकदा मागे आणि वर पाहायचं.

उजेडाचं गणितही साधं आहे. गाभारा पूर्वेला, दार बहुधा पश्चिमेला. भल्या सकाळी गाभाऱ्याच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि तिच्याभोवतीची चित्रं काळी पडतात. सूर्य वर चढल्यावर, साधारण दहा-साडेदहानंतर, तीच चित्रं मऊ उजेडात उमलतात. उतरत्या दुपारी पश्चिमेचं दार उघडं असेल तर ऊन जमिनीवरून परावर्तित होऊन घुमटापर्यंत पोचतं. आत शिरल्यावर लगेच काही शोधू नका. पाच-दहा मिनिटं बसून राहा, डोळे सरावू द्या. एक छोटी दुर्बीण घुमटासाठी फार कामाला येते. विजेरी न्यायची असेल तर मंद प्रकाशाची, आणि वापरण्यापूर्वी विचारायचं.

दुसरा दिवस: मोनी आणि पनागिया द्रोसियानी

पूर्ण बेटावर एकच चर्च पाहता येणार असेल तर हे पाहा. मोनी गावाच्या जरा अलीकडे, रस्त्याला लागूनच. एकेकाळी हे एका मठाचं मुख्य चर्च होतं. मठ गेला, चर्च राहिलं. सहाव्या-सातव्या शतकात उभारलेलं, म्हणजे बाल्कन प्रदेशातल्या सर्वांत जुन्या टिकलेल्या चर्चांपैकी एक.

बाहेरून आधी सावकाश पाहा. वर गिलावा नाही, चुनकळी नाही. ओबडधोबड दगडांचे गोलाकार उंचवटे एकमेकांना बिलगून बसलेले. उत्तरेच्या अंगाला ओळीने लहान प्रार्थनाघरं जोडलेली आहेत, प्रत्येकावर आपलं छप्पर. कुण्या स्थपतीने कागदावर आखून केल्यासारखं हे दिसत नाही, डोंगरातून वाढल्यासारखं दिसतं.

आत शिरल्यावर घुमटाखाली उभे राहा. तिथे ख्रिस्त एकदा नव्हे, दोनदा रंगवला आहे. दोन चेहरे, दोन वेगळ्या धाटणींचे, शेजारी शेजारी. ख्रिस्त मानव आणि देव दोन्ही आहे की कसं, यावर तेव्हाच्या ख्रिस्ती जगात टोकाचे वाद झाले होते आणि अभ्यासक या जोडीचा अर्थ त्या वादाशी लावतात. चित्रं सातव्या शतकाच्या सुमाराची. हे शतक महत्त्वाचं अशासाठी, की पुढे आठव्या आणि नवव्या शतकांत साम्राज्यात धार्मिक प्रतिमांवर बंदी आली, असंख्य चित्रं पुसली गेली. त्या आधीची मोजकीच शिल्लक राहिली आणि ती बहुतेक साम्राज्याच्या कडेला. चौदाशे वर्षांपूर्वीच्या ब्रशचे फटकारे इथे हातभर अंतरावर दिसतात.

आत फोटो काढू देत नाहीत. ते बरंच आहे; नजर भिंतीवर राहते. देखभाल करणारी स्थानिक मंडळी उन्हाळ्यात बहुधा हजर असतात. पेटीत देणगी टाका. ८ सप्टेंबरला इथला सण असतो. त्या दिवशी चित्रं नीट पाहता येणार नाहीत, गर्दी असते. पण ज्या खोलीत आदल्या दिवशी तुम्ही एकटे उभे होतात तिथे धूप, मंत्रोच्चार आणि मेणबत्त्यांचा उजेड काय करतो ते कळतं. शक्य असेल तर दोन्ही दिवस जा.

तिसरा दिवस: आपिरान्थोस आणि आया किरियाकी

आपिरान्थोस हे संगमरवराच्या फरसबंदीचं डोंगरावरचं गाव. तिथून आया किरियाकीपर्यंत पायवाटेने जायला सुमारे एक तास, यायला तेवढाच. वाटेत सावली नाही. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट आणि लांब विजार घ्या. काटेरी झुडपं पोटऱ्या ओरबाडतात आणि दगडांत विषारी साप असू शकतात. शेळ्यामेंढ्यांसाठीची तारेने बांधलेली फाटकं उघडून पुढे गेल्यावर पुन्हा तशीच बांधायची. गडग्यावर चढू नका, एक दगड सरकला की ओळ कोसळते. आणीबाणीचा क्रमांक ११२.

इतकी पायपीट कशासाठी? नवव्या शतकातल्या या चर्चच्या भिंतींवर संत नाहीत, ख्रिस्त नाही. आहेत ते क्रॉस, भौमितिक नक्षी आणि गळ्यात फिती बांधलेले पक्षी, इराणच्या सासानी कलेची आठवण करून देणारे. प्रतिमाविरोधाचा काळ ७२० च्या दशकाच्या अखेरीपासून ८४३ पर्यंत, मध्ये काही वर्षांचा खंड सोडून, चालला. त्या धाटणीचं अलंकरण जगात फार थोडं उरलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा या एका बेटावर आहे. सांग्रीजवळचं आयोस आर्तेमिओस आणि आदिसारूचं आयोस इओआनिस थेओलोगोस ही त्याच कुळातली. आकृत्या नाहीत म्हणजे काढून घेणारे प्रतिमांचे कट्टर विरोधकच होते, असं लगेच ठरवू नये. काहींना साधी नक्षी आवडली किंवा परवडली असेल, असंही अभ्यासक म्हणतात. किरियाकीच्या जतनकार्याला २०१८ साली युरोपीय वारसा पुरस्कार मिळाला. पडझडीच्या उंबरठ्यावरची ही वास्तू त्यामुळे वाचली.

इथे किल्लीची व्यवस्था आधी झालेली असायलाच हवी. नाही झाली आणि चालायची आवड असेल तरी जा, पण आत शिरायला मिळेल हे मनात धरू नका. त्याऐवजी दानाकोस गावाजवळचा फोतोदोतिस ख्रिस्ताचा मठ घेता येईल: कोटासारख्या जाड भिंतींचा, सागरी चाच्यांच्या काळाची आठवण देणारा. ६ ऑगस्टला त्याचा सण.

चौथा दिवस: सांग्रीचं रान

सकाळी खोराहून निघून आधी पोतामिया खोऱ्याच्या वाटेवरचं आयोस मामास. संत मामास मेंढपाळांचा रक्षक. रानात एकटं उभं असलेलं हे चर्च बेटावरच्या इतरांच्या मानाने भव्य आहे आणि एके काळी बिशपचं पीठ होतं. चित्रं जवळपास गेली आहेत, पाहायचं ते आकारमान आणि प्रमाण.

तिथून सांग्रीजवळचं देमेतेरचं मंदिर. इ. स. पूर्व ५३० च्या सुमाराचं, संगमरवराचं. बायझंटाईन सहलीत हे हवंच, कारण ख्रिस्ती काळात याच मंदिराचं चर्च झालं. शेजारच्या लहान संग्रहालयात दोन्ही काळांचे अवशेष मांडले आहेत. शेतीच्या देवीचं ठाणं, मग चर्च, आणि भोवती आजही नांगरलेली शेतं.

पुढे रस्त्याला बाझेओसचा मनोरा लागतो. सतराव्या शतकात तो पवित्र क्रूसाचा मठ होता, आता तिथे उन्हाळ्यात प्रदर्शनं आणि संगीताचे कार्यक्रम होतात. त्या परिसरातून डोंगराच्या कुशीतल्या कालोरित्सा गुहाचर्चकडे चढ आहे. आपालिरू किल्ल्यावर जायचं असेल तर वाट उभी, दगडांची आणि खुणा पुसट. सोबतीशिवाय आणि दुपारी चढू नका. माथ्यावर भिंती आणि पाण्याची टाकी शिल्लक आहेत, आणि हा डोंगर का निवडला असेल ते चारी दिशांना नजर टाकताच कळतं.

आत वागण्याची रीत

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. अर्धी चड्डी मठांत चालत नाही. टोपी काढा. चपला-बूट मात्र काढायचे नसतात. चित्रांच्या पडद्यामागचा गाभारा भाविकांनाही मोकळा नसतो, दार उघडं दिसलं तरी आत जाऊ नका. मेणबत्ती लावायला कुणाचीच हरकत नसते: नाणं टाकायचं, बारीक मेणबत्ती घ्यायची, वाळूत रोवायची. भिंतीला हात लावू नका आणि पाठीवरची पिशवी पुढे घ्या. अरुंद जागेत गिलाव्याचं सर्वाधिक नुकसान पिशव्यांच्या घासण्याने होतं. प्रार्थना चालू असेल तर मागे उभे राहा, हिंडू नका.

शाकाहारी मंडळींसाठी

ऑर्थोडॉक्स उपवासाच्या जेवणाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात: मांस, अंडी, दूध, लोणी नसलेलं. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस, १ ते १४ ऑगस्ट आणि वर्षातले बहुतेक बुधवार-शुक्रवार हे पाळणाऱ्यांचे उपवास. त्यामुळे हा शब्द वापरला की कुठल्याही खानावळीत सोय होते. फक्त एक सावधगिरी: कोळंबी, माकूळ, शिंपले उपवासाला चालतात, तेव्हा तेही नको असल्याचं वेगळं सांगा. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे ‘गिगान्तेस’, उकडलेल्या रानभाज्यांचं ‘खोर्ता’, भाज्या भाजून केलेलं ‘ब्रियाम’ आणि नाक्सोसचे नावाजलेले बटाटे एवढ्यावर चार दिवस सुखाने जातात. इथलं ग्राविएरा चीज प्रसिद्ध आहे, पण ते घट्ट करायला प्राणिज विरजण वापरतात. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

एक दिवस उरला तर

बोटीने तासाभरात पारोस. बंदरापासून पायी काही मिनिटांवर एकातोन्दापिलियानी, म्हणजे शंभर दारांची मरिया. नाक्सोसच्या चिमुकल्या चर्चनंतर हे साम्राज्याच्या राजधानीच्या इतमामाचं काम वाटतं. परंपरेने मूळ स्थापनेचा मान सम्राट कॉन्स्टंटाईनची आई हेलेना हिला दिला जातो. आज दिसणारा मुख्य भाग सहाव्या शतकातला, सम्राट जस्टिनियनच्या काळचा. बाजूच्या बाप्तिस्मागृहात जमिनीत कोरलेला क्रॉसच्या आकाराचा कुंड आहे, प्रौढ माणसाने पायऱ्या उतरून पाण्यात शिरावं असा. गर्दीत बरेच जण तो न पाहताच परततात. सकाळच्या पहिल्या बोटीने गेलात तर तो निवांत पाहता येईल, आणि दुपारच्या बोटीने नाक्सोसला परत किंवा थेट पिरेयसला, दोन्ही जमतं.